एकाच पेल्याची कसोटी

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)

अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘ख्रिस्ती श्रद्धा, आत्मपरीक्षण आणि वर्णभेदाविरुद्धचा लढा’ हा विषय पाहून आपल्यापैकी अनेकांना थोडे नवल वाटले असेल. शेतमजुरांचे वेतन, धरणग्रस्तांचे पुनर्वसन, सहकारातील मक्तेदारी हे आपले नेहमीचे विषय. त्यांत हा पाहुणा कोठून आला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मी या शहरातल्या एका ख्रिस्ती घरात जन्मलो आणि आपल्याच चळवळीत वाढलो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून ऐकावा लागतो. देव मानणारा मनुष्य समाजवादी कसा, असे इकडे विचारतात. मोर्च्यात घोषणा देणारा मनुष्य उपासनेला कशासाठी येतो, असे तिकडे विचारतात. या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे असे मला वाटते, आणि ते आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

मूळ प्रश्न असा की, श्रद्धा माणसाला अन्यायाविरुद्ध उभी करते, की अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवते? इतिहासाने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे दिलेली आहेत. अमेरिकेत गुलाम विकत घेणारे बायबल वाचत होते आणि गुलामगिरी मोडण्यासाठी तुरुंगात जाणारेही तेच बायबल वाचत होते. तेव्हा केवळ ग्रंथाच्या आधारे या प्रश्नाचा निकाल लागत नाही. निकालासाठी दुसरी कसोटी हवी, आणि सुदैवाने ख्रिस्ती परंपरेने ती स्वतःच पुरवलेली आहे. ती म्हणजे प्रभुभोजनाचे मेज. एक भाकर मोडायची आणि एका पेल्यातून सर्वांनी प्यायचे, हा या धर्माचा मध्यवर्ती विधी. कोणाबरोबर जेवायचे आणि कोणाच्या हातचे पाणी प्यायचे हे ज्या देशात जात ठरवते, त्या देशात या विधीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

प्रथम आपल्याच परंपरेकडे पाहू. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. पुण्यात बसून लिहिणाऱ्या या माणसाने शूद्रातिशूद्रांचे दास्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दास्य यांचे नाते ओळखले, तेव्हा अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून अवघी आठ वर्षे झाली होती. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. परंतु ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले. आपल्या सत्यधर्माच्या कल्पनेत त्यांनी एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळे धर्म मानून प्रेमाने एकत्र नांदतील असे चित्र रेखाटले. धर्मांकडे पाहण्याची ही दृष्टी आपण महात्मा फुल्यांकडून घेतली पाहिजे. धर्म कोणता, यापेक्षा त्या धर्माच्या घरात खालच्या मानलेल्या माणसाला कोठे बसवले जाते, हा त्यांचा प्रश्न होता.

आता हाच प्रश्न मिशनऱ्यांना विचारू. रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरास आले. त्यांचे नाव धारण करणारे चर्च या शहरात आहे. त्यांनी येथे शाळा काढल्या. ज्या मुलांना पंतोजींच्या शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्यांना मिशनच्या शाळांनी अक्षरे दिली, हे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु ज्या वर्षी ते कोल्हापुरास आले, त्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या देशात माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती. ती थांबण्यास आणखी तेरा वर्षे आणि एक यादवी युद्ध लागले. जातिभेद हे पाप आहे असा उपदेश येथे होत असताना तेथील शेकडो चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना सज्ज्यात किंवा मागच्या बाकांवर बसवले जात होते. मी ही गोष्ट मिशनऱ्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. दुसऱ्याच्या घरातला अन्याय स्पष्ट दिसणे आणि आपल्या घरातला न दिसणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि धर्मश्रद्धेने तो आपोआप सुटत नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांचे डच रिफॉर्म्ड चर्च हे ख्रिस्ती धर्माच्या ज्या शाखेतले, त्याच शाखेत कोल्हापूरचे प्रेस्बिटेरियन मिशनही मोडते. १८५७ साली या चर्चच्या केप प्रांतातील धर्मसभेपुढे एक अडचण आली. काही गोऱ्या सभासदांना कृष्णवर्णीय ख्रिस्ती बंधूंच्या बरोबर एका पेल्यातून पिणे जड जात होते. सभेने निर्णय दिला की, शास्त्राप्रमाणे सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच योग्य; तथापि काहींच्या दुर्बलतेमुळे ते शक्य नसेल तेथे वेगळी व्यवस्था करावी. मित्रहो, ‘दुर्बलता’ हा शब्द लक्षात ठेवा. ज्यांच्या हातात जमीन, बंदूक आणि कायदा होता, त्यांना या सभेने दुर्बल ठरवले आणि त्यांच्यासाठी सवलत दिली. १८८१ मध्ये या सवलतीतून मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र चर्चच उभे राहिले. १९४८ मध्ये सत्तेवर आलेल्या पक्षाने वर्णभेद हे राज्याचे धोरण केले, तेव्हा देवाच्या घरात तीन पिढ्या चालत आलेली वहिवाट दाखला म्हणून तयारच होती. कोणत्याही आज्ञेशिवाय, केवळ समजूतदारपणाच्या नावाखाली दिलेली तात्पुरती मुभा शंभर वर्षांत एका राष्ट्राचा पाया बनली.

या अन्यायाचा निषेध झाला तोही त्याच मेजाशी. १९८२ साली कॅनडातील ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघाचे अधिवेशन भरले. मायदेशी जे आपल्याला एका मेजावर बसू देत नाहीत, त्यांच्याबरोबर परदेशात प्रभुभोजन घेण्यास दक्षिण आफ्रिकेतील काही प्रतिनिधींनी नकार दिला. अॅलन बोसाक हे त्यांतले प्रमुख. त्या अधिवेशनाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे असे जाहीर केले आणि दोन गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले. सवलतीतून जन्मलेल्या त्या मिश्रवर्णीय चर्चने १९८६ मध्ये बेल्हारचा कबुलीजबाब स्वीकारला. ज्यांना मेजावरून उठवले होते, त्यांनीच मेजाचा अर्थ उठवणाऱ्यांना शिकवला.

आता आपल्या देशात येऊ. येथे गोरा आणि काळा हा प्रश्न नाही. प्रश्न जातीचा आहे. काही विद्वान वंशभेद आणि जातिभेद यांत फरक दाखवतात, आणि तो आहेही. जातीला कातडीच्या रंगाची खूण लागत नाही. आडनाव, गाव आणि गल्ली तिला पुरतात. परंतु जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे आणि त्याच्याशी जेवणाखाणाचा व लग्नाचा व्यवहार तोडणे हे दोन्हींचे मर्म एकच आहे.

ख्रिस्ती झाल्याने जात गेली काय? गोव्यात चारशे वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती असलेल्या समाजात बामण, चार्दो आणि सुदिर हे भेद टिकून राहिले. काही गावांत चर्चमधील उत्सवांचे मान आणि बांधवसंघांची सभासदत्वे जातीवर ठरत आली. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी राखण्यासाठी भिंत घालण्यात आली; म्हणजे पुनरुत्थानाची वाट पाहतानाही माणसे जातीनेच वाट पाहणार! कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमध्ये अस्पृश्यता चालते हे मान्य केले. दलित समाजातून आलेला पहिला भारतीय कार्डिनल होण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात, नगरकडे किंवा जालन्याकडे अशी भिंत कोणी बांधली नाही. येथील मंडळ्यांत बहुसंख्य लोक पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतले असल्याने भिंत घालायची तरी कोणामध्ये, हाही प्रश्नच होता. परंतु येथे एक प्रश्न विचारला जातो, आणि तो भिंतीचे काम करतो. लग्नाची बोलणी चालू होतात, मुलीचे शिक्षण, मुलाची नोकरी, पाळकांची शिफारस हे सर्व झाल्यावर चहाच्या वेळी कोणी तरी हळूच विचारतो, ‘‘पण तुम्ही मूळचे कोण?’’ हा ‘मूळचे’ शब्द फार बोलका आहे. बाप्तिस्म्याने नवा जन्म झाला असे आम्ही म्हणतो, मग जुन्या जन्माचा दाखला कशासाठी हवा? माझ्या घरातही हा प्रश्न अनेकदा आला. घरातील वडीलधारी माणसे त्याचे उत्तर कसे देतात, यावरून मला त्यांच्या श्रद्धेची खोली उपासनेतल्या प्रार्थनेपेक्षा अधिक कळत गेली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यानंतर सर्व धर्मांचे लोक त्यांच्याकडे आशेने पाहू लागले. १९३८ च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. ख्रिस्ताच्या व्यक्तिमत्त्वाविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. परंतु हिंदी ख्रिस्ती लोक समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढले नाहीत आणि चर्चमध्ये जात शिल्लक आहे, हेही त्यांनी त्यांना तोंडावर सांगितले. हा आरोप चुकीचा नव्हता. मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, नोकरी दिली. घेणाऱ्याची परिस्थिती सुधारली. पण गावाच्या वेशीबाहेर राहिलेल्या आपल्याच भावासाठी उभे राहण्याची सवय त्याला लागली नाही. आत्मा वाचवण्याच्या आणि संसार सावरण्याच्या धडपडीत न्याय हा शब्द प्रार्थनेपुरता उरला. दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती धर्मविचाराची मांडणी झाली पाहिजे, असे अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात सांगितले ते १९८१ साली. त्याआधी शतकभर हा विचार कोणाला सुचला नाही, यात सारे आले.

येथे मी आत्मपरीक्षण या शब्दाकडे वळतो. कार्यकर्त्यांना हा शब्द फारसा आवडत नाही. आत्मपरीक्षण म्हणजे डोळे मिटून बसणे, लढाई टाळण्याची भाविक सबब, असा आपला समज असतो. आणि पुष्कळदा ते तसे असतेही. चर्चमध्येसुद्धा हा शब्द फार अरुंद झालेला आहे. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे पाळक सांगतात आणि लोक खोटे बोलणे, राग, मत्सर अशी आपापली गुप्त पापे आठवू लागतात. परंतु ही सूचना मुळात ज्या पत्रात आहे ते उघडून पाहा. करिंथच्या मंडळीला पौलाने ते पत्र लिहिले. त्या मंडळीत प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहत. एक भुकेला आणि दुसरा प्यालेला, असे ते मेज होते. त्या प्रसंगी पौलाने लिहिले की, माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी. म्हणजे ‘माझ्या जेवणाच्या वेळी उपाशी कोण राहिला?’ हा त्या परीक्षेतला पहिला प्रश्न आहे. आत्मपरीक्षण हा शब्दच अशा रीतीने पंक्तिभेदाच्या प्रश्नातून आलेला आहे.

त्याच पौलाची दुसरी गोष्ट अंत्युखियाची. पेत्र हा येशूचा ज्येष्ठ शिष्य. तेथे तो परजातीयांबरोबर निःसंकोच जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने तो हळूहळू त्या पंक्तीतून दूर झाला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला. हा प्रसंग वाचताना मला आपल्या गावांतली कितीतरी माणसे आठवतात. शहरात सर्वांबरोबर जेवायचे आणि गावाकडची माणसे आली की ताट बाजूला घ्यायचे, हा पेत्राचाच मार्ग. पेत्राच्या मनात तत्त्वाविषयी संशय नव्हता. धैर्य कमी पडले.

मराठीत या अंतर्मुखतेचे सर्वांत प्रामाणिक चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई प्रथम दूर राहिल्या, मग पतीबरोबर राहू लागल्या. पण आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. पतीने त्यांच्यावर सक्ती केली नाही. कोणाच्याही उपदेशाशिवाय त्या स्वतःशी विचार करीत राहिल्या आणि जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत, या निर्णयाला आल्या. ध्यानात घ्या, हा निर्णय १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा होण्याच्या आधीचा आहे. पुढे त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. विचार मनात झाला, परंतु तो पुरा झाला स्वयंपाकघरात. जे आत्मपरीक्षण चुलीपर्यंत पोहोचत नाही, त्याला मी आत्मपरीक्षण म्हणायला तयार नाही.

असेच एक उदाहरण अमेरिकेचे, पण घडले ते आपल्या देशात. मार्टिन लूथर किंग १९५९ साली भारतात आले. ते बॅप्टिस्ट पाळक होते आणि माँटगोमेरीच्या बसबहिष्काराचा लढा यशस्वी करून आले होते. केरळमध्ये पूर्वीच्या अस्पृश्य समाजातील मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती ‘अमेरिकेतील आपले एक अस्पृश्य बांधव’ अशी. किंग यांना क्षणभर धक्का बसला, थोडे वाईटही वाटले. इतका सन्मानित पाहुणा आणि त्याला अस्पृश्य म्हणावे! मग त्यांनी स्वतःशी विचार केला. आपल्या देशात दारिद्र्याच्या पिंजऱ्यात कोंडलेले, गलिच्छ वस्त्यांत राहणारे कोट्यवधी बांधव त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि होय, मी अस्पृश्यच आहे, असे त्यांनी मान्य केले. १९६५ साली अटलांटातील आपल्या चर्चमध्ये प्रवचन करताना त्यांनी ही आठवण सांगितली. बड्या पाहुण्याची प्रतिष्ठा बाजूला ठेवून त्यांनी खालच्या पंक्तीत आपली जागा ओळखली. अशा परीक्षेतून मनुष्य दुबळा होत नाही. तो कोणाच्या बाजूचा आहे, हे त्याला नेमके कळते.

आणि आता आपल्या पक्षाच्या परंपरेतील एक पान. १९६४ साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात टूगालू महाविद्यालयाचे कृष्णवर्णीय विद्यार्थी, एडविन किंग या गोऱ्या पाळकाच्या साथीने, दर रविवारी गोऱ्यांच्या चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहत आणि आत येऊ देण्याची विनंती करीत. त्यांना परत पाठवले जाई. काहींना अटकही झाली. त्या वर्षीच्या ईस्टरच्या दिवशी एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा असे दोन मेथडिस्ट बिशप तेथील गॅलोवे चर्चमध्ये उपासनेला गेले आणि दारातूनच परत फिरवले गेले. त्यांतले गोरे बिशप जेम्स मॅथ्यूज हे भारतात मिशनरी म्हणून काम केलेले. येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी येशूच्याच घराचे दार बिशपांना बंद!

त्यानंतर दोन महिन्यांनी, मे १९६४ मध्ये, डॉ. राममनोहर लोहिया त्याच जॅक्सन शहरात गेले. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका उपाहारगृहात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. भारताच्या लोकसभेच्या सदस्याला अटक झाली म्हणून अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली. परंतु एका पाहुण्याची क्षमा मागून हा प्रश्न मिटत नाही, अशीच डॉक्टरांची भूमिका होती. लोहिया धार्मिक नव्हते. चर्चच्या पायरीवर उभे राहणारे विद्यार्थी प्रार्थना करीत होते. तरीही एकाच शहरात, एकाच वर्षी दोघेही एकच मागणी करीत होते : मला तुमच्याबरोबर बसायचे आहे. देव मानणारा समाजवादी कसा, या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे.

मित्रहो, कोल्हापूरच्या माणसाला ही मागणी नवीन वाटू नये. शाहू महाराजांच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगाराम यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन इस्पितळात रुग्णाची जात पाहिली जात नसे. १९१९ मध्ये महाराजांनी संस्थानच्या दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना सन्मानाने वागवण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यांनी मिरजेच्या या अमेरिकन मिशनचा दाखला दिला. श्रद्धेने एका दवाखान्यात केलेले काम हुकमामुळे सर्व दवाखान्यांचा नियम होऊ शकते, ही गोष्ट येथे दिसते. सत्ता आणि सद्भाव यांची अशी गाठ क्वचितच पडते.

यापुढचा भाग आजच्या राजकारणाचा आहे. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नाही. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा अपवाद करण्यात आला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. याचा अर्थ काय होतो हे सूसाई यांच्या खटल्यात दिसते. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा हा ख्रिस्ती चर्मकार. सरकारने चर्मकारांना मोफत टपऱ्या देण्याची योजना काढली. सूसाई यांना ती नाकारली, कारण ते ख्रिस्ती होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून भागत नाही. नव्या धर्मातही तिच्यामुळे तितक्याच तीव्रतेचा मागासलेपणा भोगावा लागतो, हे पुराव्याने सिद्ध झाले पाहिजे. तोच रस्ता, तीच आरी, तेच चामडे. फक्त रविवारी जाण्याची जागा बदललेली. शिवाय अनुसूचित जातीचा दाखला नाही म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. मारणारा धर्म विचारून मारीत नाही. कायदा मात्र धर्म विचारून संरक्षण देतो.

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली हा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी पुन्हा एक आयोग नेमण्यात आला. विरोध करणारे म्हणतात, ‘‘तुमच्या धर्मात जात नाही असे तुम्हीच सांगता, मग सवलत कशासाठी मागता?’’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. त्याला उत्तर असे की, धर्मग्रंथात काय आहे हा सामाजिक न्यायाचा निकष कधीच नव्हता. समता सांगणाऱ्या शीख आणि बौद्ध धर्मांतील दलितांना राज्याने सवलत दिली ती समाजातील वस्तुस्थिती पाहून. गावाने धर्मांतर केले नाही, सावकाराने केले नाही, पाणवठ्याने केले नाही; एकट्या दलिताने केले म्हणून त्याची जात कशी जाईल?

परंतु या युक्तिवादातला खरा काटा चर्चच्याच पायात आहे. आयोगापुढे साक्ष देताना आमच्यात जात आहे असे सांगायचे आणि रविवारच्या उपासनेत आमच्यात जात नाही असे गायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. न्याय मागणाऱ्या ख्रिस्ती समाजाने आपल्या मंडळीत प्रथम ही साक्ष दिली पाहिजे. विश्वस्त कोण होतात, शाळेत नोकरी कोणाला लागते, दफनभूमीत जागा कोठे मिळते आणि ‘मूळचे कोण’ हा प्रश्न अजून कोण विचारतो, याचा उघड हिशेब मांडला पाहिजे. असा हिशेब मांडल्याने धर्माची बदनामी होते अशी भीती काहींना वाटते. १८५७ च्या धर्मसभेलाही गोऱ्या सभासदांची मने दुखावण्याची भीतीच वाटली होती.

आता आपल्याविषयी. आपण निधर्मी आहोत, म्हणून ही परीक्षा आपल्याला लागू नाही असे कोणी समजू नये. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. देवळाच्या दारासाठी त्यांनी प्राण पणाला लावले, कारण दार बंद ठेवणारा समाज त्यांचा स्वतःचा होता. परकीयांचा अन्याय दाखवण्यास भाषण पुरते. आपल्या माणसांचा अन्याय दाखवताना स्वतःला झिजावे लागते. आपल्या शाखांच्या सहभोजनांत सर्व जण एकत्र बसतात, हे खरे आहे. परंतु आपल्या घरच्या लग्नांची यादी काढली, तर त्यांत आंतरजातीय किती निघतील? दलित वस्तीतल्या कार्यकर्त्याच्या घरी आपण सभेनंतर चहा घेतो. तो आपल्या घरी जेवायला किती वेळा आला? पदाधिकारी निवडताना ‘तो समाज आपल्याबरोबर आणण्यासाठी’ एक नाव घालायचे आणि निर्णय मात्र आपणच घ्यायचे, हीसुद्धा वेगळ्या पेल्याचीच व्यवस्था आहे.

कामाच्या दृष्टीने मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, १९५० च्या आदेशातील धर्माची अट रद्द करण्याची मागणी ख्रिस्ती व मुस्लिम दलितांवर सोडून न देता आपल्या पक्षाने आपली म्हणून हाती घ्यावी. तिच्यामुळे आजच्या लाभार्थींच्या वाट्यात घट होऊ नये, यासाठी जागा वाढवण्याची मागणीही तिच्याबरोबर जोडावी. नाही तर एका दलिताला दुसऱ्या दलिताशी झुंजवण्याचा डाव यशस्वी होईल. दुसरी, आपल्या तालुक्यातील पाणवठे, स्मशाने, दफनभूमी आणि वसतिगृहे यांची प्रत्यक्ष पाहणी करावी आणि ती करताना देवळाला एक न्याय व चर्चला दुसरा न्याय लावू नये. तिसरी, ज्या मंडळ्यांत, मशिदींत आणि विहारांत तरुण माणसे हे प्रश्न स्वतःच्या समाजाला विचारीत आहेत, त्यांच्याशी नाते जोडावे. ती माणसे एकाकी असतात. घरचे त्यांना फितूर म्हणतात आणि आपण त्यांना धार्मिक म्हणून दूर ठेवतो.

श्रद्धा न्यायाची हमी देत नाही, आणि निधर्मीपणाही देत नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो : तुझ्या मेजावर कोण बसले आहे, आणि कोणाला तू अजून दाराशी उभे ठेवले आहेस? ज्याला हा प्रश्न आपल्या घरात विचारता येतो, त्यालाच तो दिल्लीला विचारण्याचा अधिकार पोहोचतो. आपण तो दोन्हीकडे विचारू या.